एड्रिएन रिच : शिस्तीच्या कवितेकडून गालिबकडे

गालिबच्या मृत्यूला १९६९ साली शंभर वर्षे झाली. भारतात आणि पाकिस्तानात त्या निमित्ताने समारंभ झाले, विशेषांक निघाले. पण एक काम या सगळ्यापासून फार दूर, अमेरिकेत चालले होते. एजाज अहमद हे उर्दूचे अभ्यासक तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते. (उत्तर प्रदेशात जन्म, फाळणीनंतर पाकिस्तान आणि तिथून अमेरिका, पुढे मार्क्सवादी समीक्षक म्हणून नावाजलेले आणि २०२२ साली निधन पावलेले हेच ते एजाज अहमद.) त्यांनी गालिबच्या निवडक गझलांचा लफ्जी तर्जुमा केला, सोबत शब्दार्थ आणि टिपा जोडल्या आणि ते कागद उर्दू न जाणणाऱ्या काही अमेरिकन कवींच्या हाती दिले. डब्ल्यू. एस. मर्विन, विल्यम स्टॅफर्ड, मार्क स्ट्रँड यांच्यासारखे कवी त्यात होते. त्यांनी आपापल्या परीने त्या मजकुराच्या इंग्रजी कविता केल्या. ‘गझल्स ऑफ गालिब’ या नावाने ते पुस्तक १९७१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढले.

या कवींमध्ये एड्रिएन रिच ही कवयित्री होती. ती मात्र भाषांतरावर थांबली नाही. १९६८ च्या उन्हाळ्यात तिने स्वतःच्याच काही गझला लिहिल्या आणि गालिबला अर्पण केलेली ती मालिका ‘लीफलेट्स’ (१९६९) या संग्रहात घातली. तिच्या या गझलांना रदीफ नाही, काफिया नाही, मतला नाही आणि मक्ताही नाही. आहेत ते फक्त दोन-दोन ओळींचे सुटे शेर, एका गझलेत निदान पाच.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. मुलांना गझल शिकवताना पहिल्याच तासाला फळ्यावर रदीफ आणि काफिया अधोरेखित करून दाखवतो. त्यामुळे ही मालिका वाचताना आमचा कान पहिल्याप्रथम नाराज होतो, हे उघड आहे. पण नाराजीपाशी थांबणे बरोबर नाही. कारण रिचला यमक जमत नव्हते म्हणून तिने ते सोडले, असे म्हणायला अजिबात जागा नाही. वृत्त आणि यमक यांवरच तर तिने एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी नाव कमावले होते. मग जी कवयित्री यमकातच वाढली, तिने यमकावर जगणाऱ्या काव्यप्रकाराच्या दाराशी येऊन नेमके यमकच बाहेर का ठेवले? या प्रश्नाचे उत्तर तिच्या आरंभीच्या कवितेत आहे.

रिचचा जन्म १९२९ साली बाल्टिमोर शहरात झाला. वडील अर्नोल्ड रिच हे जॉन्स हॉपकिन्स या वैद्यकीय संस्थेतले विकृतिशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. आई पियानोवादक आणि संगीतरचनाकार. लग्नानंतर तिची कला घरातच राहिली. वडिलांचा ग्रंथसंग्रह मोठा होता आणि मुलीने कवी व्हावे ही इच्छा त्यांचीच होती. इंग्रजीतल्या जुन्या कवींच्या कविता ते तिच्याकडून उतरवून घेत, वृत्त तपासत, चुका काढत. आपण कितीतरी वर्षे वडिलांसाठीच लिहीत होतो, असे रिचने पुढे सांगितले आहे. आपल्याकडच्या उस्ताद-शागीर्द परंपरेत इस्लाह असते, म्हणजे शागिर्दाच्या शेरावर उस्तादाने फिरवलेली लेखणी. रिचच्या घरात बापच उस्ताद होता आणि त्या उस्तादाला सोडून जाण्याची सोय मुलीला नव्हती.

या घरात आणखी एक गोष्ट होती, पण तिच्याबद्दल बोलले जात नसे. वडील ज्यू होते, आई प्रोटेस्टंट ख्रिश्चन. मुलीचा बाप्तिस्मा चर्चमध्ये झाला आणि घरात ‘ज्यू’ हा शब्द जवळजवळ उच्चारला जात नसे. १९८२ साली लिहिलेल्या ‘स्प्लिट ॲट द रूट’ या निबंधात रिचने या घराचा अलिखित कायदा नोंदवला आहे. चारचौघांत आवाज खाली ठेवायचा, डोळ्यांत भरतील असे कपडे घालायचे नाहीत, मनातली उसळी बाहेर दिसू द्यायची नाही. नाहीतर बहुसंख्याकांच्या जगाला आपण फार भडक वाटू. हा धडा आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. वर्गात, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात आपण किती मोठ्याने बोलतो, कोणत्या शब्दात बोलतो, याचा हिशेब ठेवत जगणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे रिचच्या पहिल्या संग्रहाचे स्वागत वेगळ्या अर्थाने वाचता येते. ‘अ चेंज ऑफ वर्ल्ड’ हा संग्रह १९५१ साली निघाला. त्याच वर्षी ती रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाली. येल विद्यापीठाच्या तरुण कवींच्या मालेसाठी हा संग्रह डब्ल्यू. एच. ऑडनने निवडला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. त्या काळात यापेक्षा मोठा सन्मान नवोदिताला मिळणे कठीण. पण प्रस्तावना वाचली की वाटते, ऑडन एखाद्या संस्कारी घरातल्या मुलीची ओळख करून देतो आहे. कविता नीटनेटक्या आहेत, मर्यादशील आहेत, हळू पण स्पष्ट बोलतात, वडीलधाऱ्यांचा मान ठेवतात, असा त्या कौतुकाचा सूर आहे. म्हणजे अर्नोल्ड रिच यांच्या घरात जो नियम होता, तोच ऑडनच्या लेखी कवितेचा गुण ठरला! घरी जी भीती होती, ती बाहेर शैली म्हणून गौरवली गेली. आमच्या मते रिचच्या काव्यविकासाची गाठ इथे आहे. चार वर्षांनी ‘द डायमंड कटर्स’ (१९५५) आला, तेव्हा रँडल जॅरेल या कवी-समीक्षकालाही तिच्यात परीकथेतली राजकन्या दिसली. कौतुक दोघांनीही मनापासून केले, यात शंका नाही. पण अशा कौतुकाने माणूस बांधला जातो.

पहिल्या संग्रहातली पहिलीच कविता वादळाच्या सूचनेविषयी आहे. वायुभारमापकातला पारा उतरतो आहे. वादळ येणार हे बाईला कळले आहे. ती पडदे ओढते, काचेच्या आवरणाआड मेणबत्त्या लावते. वारा अडवणे आपल्या हातात नाही, फक्त खिडक्या लावणे आहे, हे ती शांतपणे मान्य करते. संग्रहातल्या दुसऱ्या एका कवितेत बाखच्या संगीताची मैफल आहे. तिथे कलेने फार कनवाळू होऊ नये, स्वतःला आवरावे, अशी भूमिका मांडली आहे. एकविशीतली मुलगी संयमाचे तत्त्वज्ञान सांगते आहे आणि त्याच वेळी दाराबाहेर काय उभे आहे हेही तिला ठाऊक आहे.

त्याच संग्रहातली ‘आंट जेनिफर्स टायगर्स’ ही कविता आपल्या देशात अनेक मुलांच्या ओळखीची आहे, कारण एनसीईआरटीच्या बारावीच्या ‘फ्लेमिंगो’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात तिचा समावेश झाला. चार-चार ओळींची तीन कडवी, ओळीमागून ओळ जुळणारे यमक. जेनिफर नावाची मावशी पडद्यावर लोकरीने वाघ भरते आहे. वाघ निर्भय आहेत, त्यांना माणसांची पर्वा नाही. मावशीची बोटे मात्र थरथरतात, आणि नवऱ्याने घातलेली लग्नाची अंगठी तिच्या हातावर जड होऊन बसली आहे. मावशी मरेल तेव्हाही ती अंगठी हातावर असेल. वाघ मात्र पडद्यावर तसेच चालत राहतील.

या कवितेविषयी रिचने स्वतः १९७१ सालच्या ‘व्हेन वुई डेड अवेकन’ या निबंधात लिहिले आहे. ही बाई आपण नव्हेच, अशा समजुतीने आपण तिला वेगळ्या पिढीतली मावशी केली. आणि त्या काळात वृत्त-यमक हे आपल्यासाठी भाजणारी वस्तू उचलण्याच्या हातमोज्यांसारखे होते, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. कवयित्रीची ही कबुली मोलाची आहे, पण ती पूर्ण मानायला आम्ही तयार नाही. भरतकाम हे मोजून घातलेल्या टाक्यांचे काम असते. एक टाका चुकला तर वाघाचा पाय वाकडा होतो. मावशीचे बंड त्या मोजलेल्या टाक्यांतूनच उभे राहते आणि रिचचे बंडही त्या मोजलेल्या ओळींतूनच. इथे यमक नुसता हातमोजा राहत नाही. वाघ त्या यमकाचाच विणलेला आहे. म्हणून पहिला संग्रह ‘आज्ञाधारक मुलीची कविता’ म्हणून बाजूला टाकणे चुकीचे होईल. आज्ञाधारकपणा शब्दांच्या वरच्या थरात आहे. खालचा थर अस्वस्थ आहे.

रिचने १९५३ साली हार्वर्डमधले अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कॉनरॅड यांच्याशी लग्न केले. १९५५ ते १९५९ या काळात तिला तीन मुलगे झाले. ‘द डायमंड कटर्स’ नंतरचा संग्रह यायला आठ वर्षे लागली. या आठ वर्षांत तिने कविता सोडली नव्हती. सलग बसून लिहिण्याएवढा वेळच तिच्यापाशी नव्हता. १९५८ ते १९६० या काळात लिहिलेली ‘स्नॅपशॉट्स ऑफ अ डॉटर-इन-लॉ’ ही दहा भागांची कविता मुले झोपली असताना, ग्रंथालयात मिळालेल्या तासाभरात, रात्री जाग्या झालेल्या मुलाबरोबर उठल्यावर, अशी तुकड्यातुकड्यांत कागदावर आली. कवितेचे रूपही तसेच आहे. नावाप्रमाणे ती सुनेची छायाचित्रे आहेत, एकसंध गोष्ट नाही. नियमित वृत्त मोडले आहे. बाईच्या बुद्धीविषयी मोठमोठे पुरुष काय म्हणून गेले, याचे दाखले मध्येच येतात आणि त्यांना टोमणेही बसतात. तरी या कवितेत ‘मी’ नाही. सगळीकडे ‘ती’ आहे. ‘मी’ म्हणण्याचे धाडस तेव्हा आपल्यात नव्हते, हे रिचने त्या निबंधात मान्य केले आहे. १९६३ साली याच नावाचा संग्रह निघाला, तेव्हा त्याचे स्वागत थंडच झाले. ऑडनला भेटलेली नम्र मुलगी त्यात नव्हती.

याच वर्षांत तिने एक छोटी सवय लावून घेतली. १९५६ च्या सुमारास ती प्रत्येक कवितेखाली ती लिहिल्याचे साल घालू लागली. कविता ही काळाबाहेर ठेवलेली, पैलू पाडून पूर्ण झालेली वस्तू असते, या शिकवणुकीपासून ती दूर होत होती. कविता एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट बाईने लिहिलेली असते आणि पुढच्या वर्षी ती बाई बदललेली असू शकते, एवढेच ते साल सांगते. या सवयीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

१९६६ साली हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. १९६८ पासून रिच सिटी कॉलेजच्या ‘सीक’ या कार्यक्रमात शिकवू लागली. गरीब वस्त्यांतली, बहुतांशी कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन मुले या कार्यक्रमातून महाविद्यालयात येत. ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन यांसारख्या कृष्णवर्णीय लेखिका तिथे शिकवत. बाहेर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे निघत होते. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्याच वर्षी रिचचे वडीलही गेले. ज्या माणसाने तिला वृत्त शिकवले, ज्याच्यासाठी तिने पहिल्या कविता लिहिल्या, तो आता वाचायला नव्हता. आणि अशा वेळी एजाज अहमद यांच्या हातून गालिब तिच्या टेबलावर आला.

तिला गालिबमध्ये काय दिसले असेल? स्वतःच्या मालकीचे घर नसलेला, पुस्तके मागून आणून वाचणारा, पण प्रचंड व्यासंग असलेला कवी. हालींच्या ‘यादगार-ए-गालिब’ मध्ये हे तपशील आपण वाचतो. १८५७ साली डोळ्यांसमोर दिल्ली उद्ध्वस्त होताना पाहिलेला, जुनी व्यवस्था मोडली आणि नवी आपली नाही अशा मधल्या काळात जगलेला कवी. रिचने आपल्या गझलांना जोडलेल्या टिपेत गालिबच्या याच बाजूंचा उल्लेख केला आहे. म्हणजे तिला गालिब सौंदर्याचा किंवा शराबचा शायर म्हणून भेटला नाही. मोडत्या शहरातला माणूस म्हणून भेटला. १९६८ चे न्यूयॉर्क तिला तसेच मोडते दिसत होते.

आणि तिला गझलेचा शेर भेटला. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. एकात प्रेयसी, दुसऱ्यात ईश्वर, तिसऱ्यात स्वतःचीच थट्टा, आणि कवीला या उड्यांचा खुलासा द्यावा लागत नाही. हे आपल्याला इतके सवयीचे आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. पण जी बाई दहा वर्षे तुकड्यातुकड्यांत लिहीत होती आणि ‘कवितेला एकसंध बांधणी हवी’ या शिकवणुकीपुढे ज्या तुकड्यांची तिला लाज वाटावी अशी स्थिती होती, तिला शंभर वर्षांपूर्वीचा एक थोर कवी जणू सांगत होता की तुकडा म्हणजे अपुरेपण नव्हे. रिचच्या गझलांत एका शेरात घरातला बिछाना येतो तर दुसऱ्यात रस्त्यावरचा दंगा. एका ठिकाणी ती लिरॉय जोन्स आणि एल्ड्रिज क्लीव्हर या कृष्णवर्णीय लेखकांना नावाने हाक मारते. खासगी आणि सार्वजनिक यांच्यामधली भिंत तिने शेराच्या मधल्या मोकळ्या जागेत पाडली.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. यमक का सोडले? एक उत्तर सरळ आहे. लफ्जी तर्जुम्यात अर्थ येतो, प्रतिमा येते. बहर आणि काफिया येत नाहीत. तिच्यापर्यंत पोहोचला तो यमक गळून पडलेला गालिब होता. पण हे अर्धेच उत्तर झाले. यमकाची शिस्त तिच्यापाशी आधीच होती, ती तिला बापाच्या ग्रंथालयातून मिळाली होती. गझलेकडून तिला शिस्त नको होती, सुटेपण हवे होते. आपल्यासाठी रदीफ-काफिया हे घर आहे. तिच्यासाठी ते ज्या घरातून निघायचे त्या घराचे कुलूप होते.

यात नुकसान झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. मुशायऱ्यात पहिला मिसरा दोनदा म्हटला जातो, तेव्हा ऐकणारा काफियाची वाट पाहत असतो आणि तो काफिया अनपेक्षित वाटेने आला की दाद उसळते. रिचच्या गझलेत ही वाट पाहणे नाही. त्यामुळे काही शेर शेर न राहता रोजनिशीतली नोंद होतात. वाचले आणि पुढे गेले. काश्मिरी-अमेरिकन कवी आगा शाहिद अली यांनी इंग्रजीतल्या अशा मोकळ्या गझलांवर कडक आक्षेप घेतला आणि रदीफ-काफिया पाळणाऱ्या इंग्रजी गझलांचा ‘रॅव्हिशिंग डिसयुनिटीज’ (२०००) हा संग्रहच संपादित केला. गझलेतली विसंगती शोभते ती तिला बांधणारा धागा असतो म्हणून, हे त्यांचे म्हणणे आम्हांला पटते. मराठीत सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना तंत्र शिकवले, त्यामागेही हाच आग्रह होता. तंत्र न पाळणाऱ्या मराठी रचनेला गझल म्हणू नये, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांनाही सांगतो. रिचची रचना गझल या व्याख्येत बसत नाही. पण व्याख्येत बसत नाही म्हणून ती गालिबच्या ऋणात नाही, असे मात्र म्हणता येणार नाही.

या मालिकेत एक गोष्ट आम्हांला विशेष जाणवते. मक्त्यात शायर आपले तखल्लुस घालतो. गालिबची गझल गालिबच्या सहीने संपते. रिचच्या गझलेत सही नाही. पण प्रत्येक गझलेच्या डोक्यावर तारीख आहे. दिवस, महिना, साल. पूर्वी ती फक्त साल घालत असे, आता दिवसही आला. काही वर्षांपूर्वी ‘मी’ म्हणायला कचरणारी ही कवयित्री या गझलांत ‘मी’ म्हणते, ‘आम्ही’ही म्हणते, पण नावाच्या जागी ती दिवस ठेवते. त्या उन्हाळ्यात, त्या शहरात, त्या दिवशी हे असे होते, याची ती साक्ष आहे. गालिबने जे काम नावाकडून करून घेतले ते तिने तारखेकडून करून घेतले. आमच्या वाचनात ही तारीख हाच रिचच्या गझलेचा मक्ता आहे, फक्त तो शेवटी नसून आरंभी आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. ‘द विल टू चेंज’ (१९७१) या संग्रहात ‘द ब्लू गझल्स’ ही दुसरी मालिका आहे. मधल्या काळात, १९७० साली, आल्फ्रेड कॉनरॅड यांनी आत्महत्या केली. त्यानंतरच्या ‘डायव्हिंग इंटू द रेक’ (१९७३) या संग्रहाच्या शीर्षककवितेत एकटा पाणबुडा बुडालेल्या जहाजाकडे उतरत जातो. त्याला जहाजाची दंतकथा नको आहे, खुद्द मोडके जहाज पाहायचे आहे. या कवितेत गझलेचे सुटे शेर उरलेले नाहीत, ओळी पुन्हा सलग झाल्या आहेत. पण हे सलगपण पहिल्या संग्रहातले नव्हे. पहिल्या संग्रहातली बाई वादळ आले म्हणून खिडक्या लावत होती. इथला पाणबुडा स्वतःहून पाण्यात उतरतो. मधे गालिब होता.

या संग्रहाला १९७४ चा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार ॲलन गिन्सबर्गसोबत विभागून मिळाला. रिचने तो एकटीने न घेता ऑड्री लॉर्ड आणि ॲलिस वॉकर या दोन लेखिकांसह सर्व स्त्रियांच्या वतीने स्वीकारला. १९९७ साली अमेरिकन सरकारचे राष्ट्रीय कला पदक तिने नाकारले. २७ मार्च २०१२ रोजी कॅलिफोर्नियात तिचे निधन झाले. ज्या मुलीला घरात हळू बोलायला शिकवले होते, तिचा आवाज तोपर्यंत जगभर पोहोचला होता.

आता आपल्याविषयी थोडे. मुस्लिम मराठी साहित्याच्या व्यासपीठांवर आज अनेक मुली कविता वाचतात. त्यांच्या पहिल्या संग्रहांना प्रस्तावना लिहिणारे बहुधा आपण वडीलधारेच असतो. ‘संयत’, ‘सोज्वळ’, ‘शालीन’ हे शब्द आपल्या लेखणीतून सहज उतरतात. त्यात आपुलकी असते, आणि थोडी धास्तीही असते, की या मुलीने मोठ्याने काही म्हटले तर बाहेरचे काय म्हणतील आणि घरचे काय म्हणतील. ऑडनची प्रस्तावना आपण याच दृष्टीने वाचायला हवी. त्याने रिचच्या कवितेतले मर्यादशील टाके पाहिले. टाक्यांतला वाघ त्याच्या प्रस्तावनेत आला नाही. आपल्यासमोर येणाऱ्या पहिल्या संग्रहातही कुठे तरी असा वाघ असतो. प्रस्तावना लिहिण्यापूर्वी तो शोधणे आणि सापडला तर त्याचे नाव घेणे, एवढे तर आपल्याला करता येईल. आणि त्या मुलींना तंत्र शिकवताना हेही सांगायला हवे की रदीफ-काफिया पक्का करा, तो आपला वारसा आहे. पण कवितेखाली तारीख घालायला विसरू नका.